साताऱ्याहून विलायतेत एक्केचाळीस दिवस: नातेवाइकांकडचा मुक्काम आणि रंगो बापूजींचा पत्ता

माची (धागाकर्ती):

नमस्कार. ९ मे ते १८ जून २०२५ या काळात आम्ही घरचे सहा जण इंग्लंड आणि स्कॉटलंडला जाऊन आलो. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, सासूबाई एकोणसत्तरच्या, आम्ही दोघे, तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. पहिले सतरा दिवस लंडनच्या हॅरो भागात नणंदेकडे, मग चार दिवस ब्रिस्टल आणि बाथ, बारा दिवस न्यूकॅसलला माझ्या मामेभावाकडे, तीन दिवस एडिंबरा आणि शेवटचे पाच दिवस पुन्हा नणंदेकडे, असा बेत होता. म्हाताऱ्या माणसांना घेऊन इतके दिवस परदेशी नातेवाइकांकडे राहावे का, आणि राहिल्यास इतिहासाची ठिकाणे कशी बसवावीत, हे इथे अनेकदा विचारले जाते, म्हणून सविस्तर लिहिते.

सासरे साताऱ्यात इतिहास शिकवत होते. त्यांना लंडनमध्ये राजवाडा नको होता, मोठा पाळणा नको होता, त्यांना रंगो बापूजी जिथे खेटे घालत होते ती जागा पाहायची होती. १८३९ मध्ये कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथेच राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीलाच वारले, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले, तरी हा गृहस्थ १८५३ पर्यंत कंपनीच्या भागधारकांसमोर आणि पार्लमेंटच्या सभासदांसमोर तेच गाऱ्हाणे मांडत होता. कंपनीची कचेरी लेडनहॉल स्ट्रीटवर होती. ती १८६१ च्या सुमारास पाडली गेली आणि आज त्या जागेवर लॉइड्स या विमा बाजाराची, नळ आणि लिफ्ट बाहेरच्या अंगाला काढलेली, पोलादी इमारत उभी आहे.

हॅरोहून मेट्रोपॉलिटन मार्गाची गाडी थेट ऑल्डगेटला जाते आणि तिथून लॉइड्स दहा मिनिटांच्या चालीवर आहे. त्या इमारतीकडे पाहून सासूबाई म्हणाल्या, "अजून बांधकाम चाललंय वाटतं." सासरे मात्र समोरच्या पदपथावर बराच वेळ उभे होते. कचेऱ्यांतली माणसे हातात कॉफीचे पेले घेऊन त्यांना वळसा घालून जात होती. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, त्यावर रंगो बापूजींच्या मुलाचे, सीतारामाचे, नाव लिहिलेले होते. वडील इथून हात हलवत परतले आणि १८५७ मध्ये साताऱ्यात मुलाला फाशी झाली. रंगो बापूजी स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. नातवाने विचारले की चौदा वर्षे ते जेवत काय होते, तेव्हा सासऱ्यांना हसू आले आणि आम्ही शेजारच्या लेडनहॉल बाजाराच्या छताखाली बसून घरून आणलेले दशम्यांचे डबे उघडले.

दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलो. तिथे प्रवेश विनामूल्य आहे. साताऱ्याच्या माणसाला या संग्रहालयाचे नाव वाघनखांमुळे ठाऊक असते. ती २०२४ च्या जुलैत उसनवारीवर आपल्याकडे आली तेव्हा आम्ही साताऱ्याच्या संग्रहालयातच रांग लावून पाहिली होती. ती जेम्स ग्रँट डफ या साताऱ्याच्या रेसिडेंटकडून, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीकडून, तिकडे गेली, परंतु अफजलखानाच्या वधाच्या वेळची तीच ही, असे सिद्ध करता येत नाही, हे ते संग्रहालय स्वतःच सांगते. सासऱ्यांना त्या दिवशी खरा धक्का दिला तो टिपूच्या वाघाने. गोऱ्या शिपायाच्या नरड्याला धरलेला तो लाकडी वाघ १८०८ पासून कंपनीच्या त्याच लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत लोकांना पाहायला ठेवलेला होता. त्याची मूठ फिरवून लोक त्याला इतके डरकाळायला लावत की शेजारच्या वाचनालयातले वाचक वैतागून जात. म्हणजे रंगो बापूजी अर्ज घेऊन त्या इमारतीत गेले तेव्हा हा वाघ तिथेच होता. त्यांनी तो पाहिला असेल का, यावर आमच्या घरात आजही वाद होतो.

आता मुक्कामाविषयी. मी निघण्यापूर्वी ठिकाणांची यादी केली होती आणि ती चुकीची सुरुवात होती. आधी नणंदेच्या घराचे वेळापत्रक विचारायला हवे होते. कपडे धुण्याचे यंत्र कोणत्या दिवशी मोकळे असते, सकाळी न्हाणीघर कोणाला कधी लागते, भाचीची परीक्षा कधी आहे, हे कळल्यावर आमच्या फिरण्याचे दिवस आपोआप ठरले. भाचीची परीक्षा मे महिन्याच्या अखेरीस होती, म्हणून ब्रिस्टलचे चार दिवस आम्ही तेव्हाच घेतले आणि त्यांचे घर त्यांना मोकळे करून दिले.

तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. सासूबाई नेमाने साताला देवापाशी दिवा लावत. खिडकीतून लख्ख ऊन देवाच्या तसबिरीवर पडलेले असे आणि त्यात ती ज्योत दिसतही नसे. तीन-चार दिवसांनी त्यांनी नणंदेला विचारले, "तुझ्याकडे तिन्हीसांजा कधी होते गं?" नणंद म्हणाली, "आई, घड्याळात पाहू नकोस, मी कामावरून आले की तिन्हीसांज." त्यानंतर दिवा तिच्यासाठी थांबू लागला.

उत्तरेकडचा भाग प्रतिसादांत लिहीन, कारण हे आधीच लांबले आहे.

डोंगरवाट:

उत्तम लेख. टिपूच्या वाघाचा आणि रंगो बापूजींचा असा एका छताखालचा संबंध मला माहीत नव्हता. मात्र एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. सहा माणसांनी एका घरात सतरा दिवस राहणे हे यजमानांवर ओझे नाही का? आम्ही अमेरिकेत भावाकडे तीन आठवडे राहिलो आणि परतल्यावर दोन वर्षे फोन कमी झाले. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे की नातेवाइकाकडे तीन रात्री आणि बाकी हॉटेल.

थेम्सकाठी:

मी या देशात एकवीस वर्षे आहे आणि पाहुण्यांच्या दुसऱ्या बाजूला आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे कायद्याने वर्षाला सणवार धरून अठ्ठावीस दिवस पगारी रजा मिळते. आई-वडील आले की त्यांतल्या दहा-बारा दिवसांची रजा मी घेतो आणि मग माझ्या मुलांच्या सुट्टीत माझ्याकडे काही उरत नाही. हे पाहुण्यांना सहसा ठाऊक नसते, कारण आम्ही ते सांगत नाही. सांगणे बरे दिसत नाही. त्यामुळे राग राहण्याच्या दिवसांचा नसतो, "तू बरोबर आल्याशिवाय आम्ही कुठे जाणार" या वाक्याचा असतो. जे पाहुणे स्वतः गाडीने जाऊन स्वतः परत येतात, ते महिनाभर राहिले तरी चालतात. माझ्या सासूबाई तिसऱ्या दिवशी एकट्या बसने मंडईत जाऊन कोथिंबीर घेऊन आल्या होत्या. त्यांनी सहा महिने राहावे असे मला वाटते, पण व्हिसा तेवढाच असतो.

माची:

डोंगरवाट, थेम्सकाठी यांनी माझे उत्तर माझ्यापेक्षा नेमके दिले. आम्ही नणंदेला आणि तिच्या यजमानांना एकही रजा घेऊ दिली नाही, शनिवार-रविवारी ते आपणहून आले तर आले. स्वयंपाकघराबाबत सासूबाईंशी आधीच बोलले होते की सोमवार ते गुरुवार संध्याकाळचे जेवण आपण करायचे आणि शुक्रवारपासून ते घर नणंदेचे. सासूबाईंना हे जड गेले, लेकीच्या घरी पाहुण्यासारखे वागायचे म्हणजे काय, असे त्या दोन दिवस पुटपुटत होत्या. पण पहिल्याच शुक्रवारी नणंदेने बाहेरून पिझ्झा मागवला आणि तो सगळ्यांना आवडला, अगदी त्यांनाही, तेव्हा प्रश्न मिटला.

अबोली७:

आम्ही पुढच्या मे महिन्यात जाणार आहोत. खाऊ काय न्यावा? आणि रेल्वेची तिकिटे फार महाग असतात असे ऐकले, त्याला काही उपाय आहे का?

माची:

खाऊबाबत आमचे दुःख ऐका. साताऱ्याहून निघून कंदी पेढे न्यायचे नाहीत ही कल्पनाच सासऱ्यांना मान्य नव्हती. परंतु भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या सामानातूनही नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, खवा, तूप सगळे त्यात आले. सासऱ्यांनी विमानतळावर जाण्यापूर्वी दोन पेढे खाल्ले आणि "हे माझ्या पोटातून नेतो" असे जाहीर केले. आम्ही शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणी नेली, त्याला काही अडचण आली नाही.

रेल्वेच्या बाबतीत आम्ही पैसे वाया घालवले. सासू-सासऱ्यांसाठी साठ वर्षांवरील प्रवाशांचे सवलत कार्ड काढले, ते पारपत्र दाखवून आपल्यालाही मिळते. नंतर लक्षात आले की कुटुंबाचे एक वेगळे कार्ड असते. त्यावर चार मोठी आणि चार लहान माणसे प्रवास करू शकतात, मोठ्यांना एक तृतीयांश आणि पाच ते पंधरा वयाच्या मुलांना साठ टक्के सवलत मिळते. अट इतकीच की बरोबर किमान एक मूल हवे. आम्हा सहा जणांना ते एकच पुरले असते. लंडनच्या भुयारी गाडीत अकरा वर्षांखालील मूल तिकीट काढलेल्या मोठ्या माणसाबरोबर फुकट जाते आणि अकरा ते पंधरा वर्षांच्या पाहुण्या मुलासाठी स्थानकातल्या कर्मचाऱ्याला सांगून ऑयस्टर कार्डावर (लंडनच्या गाड्यांसाठी आधी पैसे भरून वापरायचे कार्ड) चौदा दिवसांपर्यंत अर्ध्या दराची सोय करून घेता येते. बँकेचे कार्ड टेकवून जायचे असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागते, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही.

कृष्णाकाठ:

लंडनमधली आपल्या माणसांची बाकीची ठिकाणे केलीत का? आम्ही एका दिवसात टिळक, सावरकर आणि बाबासाहेब अशी तिन्ही घरे केली होती.

माची:

केली, पण तीन वेगवेगळ्या दिवशी, कारण सासूबाईंच्या गुडघ्यांना एका दिवशी एकच जिना मान्य होता. किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर चॉक फार्म स्थानकापासून चालत जाण्यासारखे आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले आणि आता तिथे संग्रहालय आहे. जाण्यापूर्वी उघडण्याची वेळ पाहून घ्यावी. लोकमान्य १९१८-१९ मध्ये चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी गेले तेव्हा मेडा व्हेलमधल्या हौली प्लेस येथे राहिले. तिथे खाजगी वस्ती असल्याने बाहेरून निळी पाटी वाचायची आणि शेजारच्या कालव्यावरच्या होड्या पाहत बसायचे. सासूबाईंना तो दिवस सर्वांत आवडला, कारण बाके भरपूर होती. हायगेटमधले इंडिया हाउस क्रॉमवेल अव्हेन्यूवर चढावर आहे. १९०५ मध्ये श्यामजी कृष्णवर्म्यांनी ते विद्यार्थ्यांसाठी उघडले आणि सावरकर तिथेच राहत होते. तिथेही फक्त पाटी आहे.

ब्रिस्टलला आर्नोज व्हेल दफनभूमीत राजा राममोहन रॉय यांची समाधी आहे. १८३३ मध्ये ते ब्रिस्टलला वारले आणि दहा वर्षांनी द्वारकानाथ टागोरांनी ही छत्री बांधवली. दिल्लीच्या बादशहाची कैफियत घेऊन ते आले होते, म्हणजे रंगो बापूजींच्या आधीचे वकीलच. सासऱ्यांनी तिथे एक चाफ्यासारखे दिसणारे फूल वाहिले, ते कसले होते कोण जाणे. बाथच्या रोमन स्नानगृहातले पाणी ४६ अंशांचे असते, पण त्याला हात लावू देत नाहीत. राजापूरच्या गरम पाण्याच्या झऱ्यात पाय सोडून बसलेल्या सासूबाईंना हा नियम पटणे शक्य नव्हते.

डोंगरवाट:

आणि उत्तरेचे राहिले. हेड्रियनच्या भिंतीबद्दल वाचायला उत्सुक आहे, गडकिल्ल्यांचा माणूस असल्यामुळे.

माची:

मग तुमच्यासाठी थोडे जास्त लिहिते. रोमन सम्राट हेड्रियनने इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेली ही भिंत पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सुमारे ११७ किलोमीटर आहे. न्यूकॅसलहून हेक्सॅमला रेल्वेने जावे, तिथून उन्हाळ्यात भिंतीच्या कडेने बस धावते आणि तिचा क्रमांकच मुळी एडी १२२, म्हणजे इसवी सन १२२, आहे. हाउसस्टेड्सचा किल्ला रस्त्यापासून चढावर आहे. सासूबाई खाली चहा घेत थांबल्या. वर कोठाराच्या जमिनीखाली हवा खेळती राहावी म्हणून ओळीने मांडलेले दगडी खांब आहेत आणि कोपऱ्यात सैनिकांचे सामूहिक शौचकूप अजून ओळखू येते. मुलगा म्हणाला की राजगडावरचे शौचकूप बरे, निदान एकेकाला वेगळे आहे.

पण आम्हाला धरून ठेवले ते शेजारच्या विंडोलँडा या रोमन किल्ल्याच्या अवशेषांनी. तिथल्या ओल्या मातीत पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी पट्ट्या १९७३ पासून सापडत आल्या आहेत, त्यांवर शाईने लिहिलेली सैनिकांची पत्रे आहेत. एकात कोणी कोणाला मोजे, वहाणांचे दोन जोड आणि आतले कपडे पाठवल्याचे लिहिले आहे. सासूबाई ताबडतोब म्हणाल्या, "आईनेच पाठवले असणार." दुसऱ्या पत्रात क्लॉडिया सेवेरा नावाची बाई सुल्पिशिया लेपिडिना या मैत्रिणीला आपल्या वाढदिवसाला बोलावते. मजकूर लेखनिकाच्या सुबक अक्षरात आहे आणि शेवटच्या ओळी तिने स्वतः, थोड्या वेड्यावाकड्या, लिहिल्या आहेत. हे पत्र लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, म्हणून परतल्यावर शेवटच्या पाच दिवसांत आम्ही ४९ क्रमांकाच्या दालनात खास त्यासाठी गेलो. ते पत्र तळहाताहून फारसे मोठे नाही. आमच्या मुलीने त्यापुढे वाकून काचेवर वाफ केली आणि पुसली.

ओसरी:

तब्येतीचे काही झाले का? माझ्या आईला मधुमेह आहे, म्हणून विचारते.

माची:

झाले, आणि चूक आमची होती. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी मोठ्या बॅगेत टाकल्या आणि ती बॅग विमान कंपनीने दोन दिवस उशिरा पोहोचवली. तिथल्या औषधाच्या दुकानात भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही, तिथल्याच डॉक्टरची लागते. शेवटी खाजगी डॉक्टरांना पैसे भरून दाखवले, त्यांनी चिठ्ठी दिली आणि विम्यातून तो खर्च पुढे मिळाला. सगळी औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात आणि औषधाचे मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवा, कारण आपल्याकडचे कंपनीचे नाव तिथे कोणी ओळखत नाही. तातडीचे नसेल तेव्हा १११ क्रमांकावर फोन करून सल्ला घेता येतो. प्रवास विमा मात्र आधीचे आजार नमूद करूनच काढा.

कृष्णाकाठ:

एडिंबऱ्याचा किल्ला ज्येष्ठांना झेपतो का?

माची:

झेपतो, चालायला त्रास असणाऱ्यांना वर नेण्यासाठी त्यांची छोटी गाडी असते, ती दारात विचारावी. किल्ल्याचा खडक हा ज्वालामुखीचा घट्ट झालेला गाभा आहे, आपल्या सह्याद्रीच्या दगडाहून कितीतरी जुना. सासऱ्यांनी त्यावर हात ठेवून "अजिंक्यताऱ्याचा आजोबा" अशी पावती दिली. दुपारी एकची तोफ रविवार सोडून बहुतेक रोज उडते, तेव्हा आधीच सांगून ठेवा, सासूबाईंच्या हातातला चहा पूर्ण सांडला. न्यूकॅसलहून एडिंबऱ्याला जाताना गाडीत उजव्या हाताला बसा, त्या बाजूला समुद्र असतो.

वाटेतल्या लिंडिसफार्न बेटाविषयीही सांगते, कारण मामेभावाने तिथे आम्हाला चांगलेच धारेवर धरले होते. इ. स. ७९३ मध्ये व्हायकिंग लोकांनी ज्या मठावर हल्ला केला, तो याच बेटावर. बेटावर जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीत बुडतो. सुरक्षित वेळा छापलेल्या असतात आणि त्या सोडून जाणाऱ्यांसाठी रस्त्याच्या मध्ये खांबांवर एक पांढरी खोली उभी केलेली आहे, शिडीने चढून तिथे भरती ओसरेपर्यंत बसायचे. आम्ही मठाच्या पडक्या कमानींत फोटो काढत रेंगाळलो, तेव्हा तो गाडीत बसून भोंगा वाजवत होता. आम्ही वेळेच्या वीस मिनिटे आधी बाहेर पडलो. त्या खोलीखालून जाताना मुलीने विचारले की आत पंखा आहे का.

थेम्सकाठी:

माची, तुमच्या नणंदबाईंचे मत घेतलेत का? सतरा अधिक पाच दिवसांनंतरचे.

माची:

घेतले. ती म्हणाली की पहिले सतरा दिवस बरे गेले, शेवटचे पाच जड गेले, कारण तेव्हा सगळ्यांना निघायचे माहीत होते. डिसेंबरात ती येणार आहे. सासऱ्यांनी आतापासूनच मोती चौकातल्या पेढेवाल्याला सांगून ठेवले आहे, आणि परत नेता येणार नाहीत म्हणून तिने ते इथेच संपवायचे असे ठरले आहे.